दारुड्याचे गाणे
झाडीपट्टीच्या रंगभूमीवर दुःखाला आवाज कोणाचा मिळतो?

१

झाडीपट्टीच्या रंगमंचावर दारुडा हे पात्र हंगामभर कुठल्या ना कुठल्या गावात रोज रात्री उभे राहते. कधी तो झोकांड्या खात येऊन हशा घेतो, कधी बायकोच्या गळ्यातली पोत ओढतो, कधी शेवटच्या अंकात बायकोच्या प्रेतापाशी बसून कपाळ बडवतो. त्याला विनोद मिळतो, शिव्या मिळतात, पश्चात्तापाचे लांबलचक भाषणही मिळते. सहसा एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे गाणे. गाणे त्याच्या बायकोचे असते, म्हाताऱ्या आईचे असते, उपाशी लेकराचे असते. ऑर्गनचा सूर लागतो, मंडपातला गलका थांबतो, पदर डोळ्याला लागतात. त्या वेळी दारुडा एक तर विंगेत गेलेला असतो, नाही तर मंचाच्या कोपऱ्यात निपचित पडलेला असतो.

या वाटणीकडे अभ्यासकांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. झाडीपट्टीच्या नाटकांविषयी लिहिताना आपण त्यांची आर्थिक उलाढाल, लावणीचा शिरकाव, बदलती भाषा यांवर बोलतो. पण कोणत्या पात्राला गाणे मिळते आणि कोणाला नाकारले जाते, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. संवाद ऐकताना प्रेक्षक न्यायाधीश असतो. पात्र खरे बोलते की खोटे, त्याचे चुकले की बरोबर, हे तो मनात तोलत असतो. गाणे सुरू झाले की तोलणे थांबते. गाण्याची ओळ ऐकणाऱ्याच्या तोंडात शिरते. नाटक पहाटे संपते, संवाद विरून जातात. पण गाणे दुसऱ्या दिवशी धानाच्या खळ्यावर कोणीतरी गुणगुणत असते. 'मी' म्हणून लिहिलेली ओळ गुणगुणताना गुणगुणणाराही क्षणभर तो 'मी' होतो. म्हणून नाटककार ज्याला गाणे देतो, त्याच्या जागी उभे राहण्याची मुभा तो प्रेक्षकाला देतो. आणि ज्याला देत नाही, त्याच्याकडे बाहेरूनच पाहायला सांगतो.

दुःखी, बिघडलेल्या, वाट चुकलेल्या माणसाच्या तोंडी गाणे घालावे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी सहानुभाव निर्माण होईल, असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे कितपत खरे आहे? मराठी परंपरा त्याविषयी काय सांगते? आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या या मुलखात, जिथे दारू हा घरातला, गावातला आणि राजकारणातलाही प्रश्न आहे, तिथे दारुड्याचे गाणे कोणी लिहावे का? या लेखात एवढाच विचार करायचा आहे.

२

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी ओळख. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या भाऊबिजेनंतर गावोगावी मंडई भरते, काही ठिकाणी शंकरपट असतो. लेकीबाळी आणि पाहुणे येतात आणि रात्री नाटक होते. हा हंगाम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाटकमंडळ्यांचे ठाणे. या रंगभूमीचे मूळ दंडारीत सांगितले जाते. खडी गंमत हेही तिचेच भावंड. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. समोर शेतकरी, मजूर, शिक्षक, बचत गटातल्या बाया, कॉलेजची पोरे असे सगळे गाव बसलेले असते.

सगळे गाव म्हणजे दारू पिणाराही, आणि त्याच्या हातचा मार खाणारीही. हा मुद्दा पुढे लागणार आहे. शहरातल्या नाट्यगृहात व्यसनाविषयीचे नाटक पाहणारा प्रेक्षक त्या दुःखापासून दोन हात दूर बसलेला असू शकतो. इथे ज्याच्यावर गाणे लिहायचे तो, जिच्यावर लिहायचे ती आणि त्यांची पोरे एकाच मंडपात बसलेली असतात.

३

गाण्याची ही वाटणी झाडीपट्टीने स्वतः शोधून काढलेली नाही. तिचा वारसा थेट 'एकच प्याला'पर्यंत जातो. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या विदर्भातच, सावनेर येथे वारले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातली पदे गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत, ही गोष्ट जाणकारांना माहीत असते. पण तिचा अर्थ कोणी फारसा लावत नाही. गडकऱ्यांनी गद्यात सुधाकराचे पतन उभे केले: बुद्धिमान वकील, भर कोर्टातला अपमान, सनद जाणे, तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला. एकेक पायरी दिसते. माणूस का प्यायला लागतो आणि का थांबू शकत नाही, याचे इतके बारीक चित्रण त्याआधी मराठी नाटकात झाले नव्हते. पण पदे आली ती मुख्यतः सिंधूच्या वाट्याला. सिंधू होते बालगंधर्व, सुधाकर होते गणपतराव बोडस. एक गाणारा नट, दुसरा गद्याचा बादशहा. म्हणजे भूमिकांची वाटणी झाली तेव्हाच गाणे कोणाचे हे ठरून गेले.

परिणाम काय झाला? सुधाकराचे भाषण लोकांना पाठ झाले, पण सिंधूचे गाणे लोकांच्या गळ्यात बसले. सुधाकराविषयी आपण विचार करतो. सिंधूबरोबर आपण रडतो. तळीराम आणि त्याचे 'आर्य मदिरा मंडळ' विनोदाच्या खात्यात जमा झाले. विनोदी दारुडा, गद्य बोलणारा पतित नायक आणि गाणारी सोशिक पत्नी अशी ही तीन खणांची पेटी तयार झाली. ती पुढे जवळपास जशीच्या तशी गावोगावच्या मंडपात आली. 'एकच प्याला' झाडीपट्टीतही खेळले गेले आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे, ज्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या नाटकांच्या यादीतही त्याचे नाव आहे.

गडकऱ्यांच्या नाटकाला कमी लेखण्यासाठी हे लिहिलेले नाही. सिंधूला गाणे मिळाले हे योग्यच झाले. मुकाट सोसणाऱ्या बाईला त्या काळी आवाज मिळण्याची जागा गाण्यावाचून दुसरी कुठे होती? प्रश्न पुढच्या शंभर वर्षांचा आहे. त्या पेटीत चौथा खण कोणी का केला नाही?

४

याचे एक कारण आमच्या जिल्ह्यांच्या अलीकडच्या इतिहासात आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला आणि १९९३ पासून तिथे दारूबंदी आहे. ती वरून आलेली नव्हती. गावागावांतून, विशेषतः बायांच्या रेट्यातून ती आली आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा त्या चळवळीत मोठा वाटा होता. चंद्रपुरात डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पुढाकाराने बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली.

अशा लढ्यात गाणे हे हत्यार असते. मोर्च्यातल्या गाण्यात दारुड्याची बाजू मांडायला जागा नसते आणि ती मागणेही चुकीचे ठरेल. ज्या बाईने वर्षानुवर्षे मार खाल्ला, तिला पहिल्यांदा रस्त्यावर येऊन गाता आले. तिला आता 'त्याचेही दुःख समजून घे' असे सांगणे म्हणजे पुन्हा तिच्याच डोक्यावर ओझे ठेवणे. आपल्या समाजात बाईकडून समजूतदारपणाची वसुली फार होते. सिंधूला आदर्श मानण्यात हाच धोका होता; नवऱ्याच्या हातून पोर गेले तरी ती त्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते आणि आपण टाळ्या वाजवतो.

म्हणून दारुड्याच्या गाण्याविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप मी इथेच नोंदवतो. गाणे माणसाला सुंदर करते. सुराने त्याचा गुन्हा हलका होतो. मंडपात बसलेला पिणारा ते ऐकून 'बघा, माझीही काही मजबुरी आहे' असे म्हणू शकतो, आणि शेजारी बसलेल्या बायकोला ते ऐकावे लागते. सहानुभाव आणि सबब यांत सुताएवढे अंतर असते. ते अंतर सांभाळता येत नसेल तर गाणे न लिहिलेले बरे.

पण ते सांभाळता येते का? याचे उत्तर शोधायला परंपरेकडे वळावे लागते.

५

दुसऱ्याच्या तोंडून गाणे रचणे मराठीला नवे नाही. उलट ते आपले फार जुने कसब आहे. मात्र या सगळ्या गाण्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

संत एकनाथांनी भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, महार, जोशी, गोंधळी, वासुदेव अशा कितीतरी जणांना 'मी' दिला. सोळाव्या शतकात पैठणच्या एका ब्राह्मणाने महाराच्या तोंडून ब्राह्मणालाच ज्ञान सांगवावे, हे धाडस मोठेच. तरी नीट पाहिले तर तो महार स्वतःचे गाऱ्हाणे फारसे सांगत नाही. तो नाथांचा वेदान्त सांगतो. भारुडातला आंधळाही आपले आंधळेपण सांगत नाही. त्याचे आंधळेपण हे अज्ञानाचे रूपक असते. नाथांनी तोंड उसने घेतले आणि त्यातून आपले बोलणे बोलले. याच्या दोनशे-अडीचशे वर्षे आधी चोखामेळा आणि सोयराबाई यांनी स्वतःच्या तोंडाने देवाला विचारलेले प्रश्न शेजारी ठेवले की फरक लगेच ऐकू येतो. तिथे रूपक नाही. देवळाबाहेर उभे राहणे म्हणजे देवळाबाहेर उभे राहणेच आहे.

लावणीत तर याहून मोठी गंमत आहे. राम जोशी, होनाजी बाळा यांच्यापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत शाहीर पुरुष. लावणीतला 'मी' बहुधा बाई. ती गाणारी बाई आणि ऐकणारे बहुतांश पुरुष. बाईच्या दृष्टीतून लिहिलेली इतकी गाणी जगातल्या फार थोड्या भाषांत असतील. त्यामुळे बाईविषयी सहानुभाव वाढला का? काही थोड्या रचना सोडल्या तर त्या 'मी'मध्ये बाईचे मन नाही, पुरुषाला हवे असलेले बाईचे मन आहे. दुसऱ्याच्या जागी उभे राहून लिहिले म्हणजे आपोआप दुसऱ्याचे दुःख कळते, या समजुतीला लावणी हे रोखठोक उत्तर आहे.

याच्या उलट टोकाला आमच्या विदर्भातली भुलाबाईची गाणी आहेत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत लहान मुली घरोघर ती म्हणत. गाणाऱ्या पोरी परकराच्या वयाच्या, आणि गाण्यातला 'मी' सासुरवाशिणीचा! माहेरी जायची परवानगी मागणारी, एका कामातून दुसऱ्या कामात अडकवली जाणारी सून. जे दुःख अजून आपले झालेले नाही ते मुली खेळता खेळता तोंडी घेत होत्या. तिथे रूपक नव्हते, मिटक्या मारत ऐकणारा नव्हता आणि उपदेशही नव्हता. होती ती फक्त कामांची यादी आणि वाट पाहणे. तरी ती गाणी म्हणणाऱ्या बायकांना सासुरवास कसा असतो हे दुसऱ्या कोणी शिकवावे लागले नाही.

आणखी एक उदाहरण अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीचे. मुंबईत आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने बोलतो आणि बोलता बोलता त्याची ताटातूट संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाच्या ताटातुटीला जाऊन मिळते. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावहून पोटासाठी मुंबईला आलेले. ते त्या कामगाराच्या इतके जवळ उभे होते की तोंड उसने घ्यावे लागलेच नाही.

या चार उदाहरणांतून मला तीन कसोट्या दिसतात. पहिली, 'मी' म्हणणारा स्वतःचे काही सांगतो की कवीचा निरोप पोचवतो? दुसरी, ते गाणे ऐकून सुखावतो कोण? तिसरी, गाण्यात त्या माणसाच्या दिवसाचा तपशील आहे की नुसत्या त्याच्या भावना आहेत? पहिल्या कसोटीवर भारूड अडखळते, दुसरीवर लावणी. भुलाबाई तिन्हींत उतरते, कारण तिचे लेखक आणि गायक यांच्यात अंतरच नाही.

६

गडचिरोलीच्या जंगलात या कसोट्यांना आणखी धार येते. इथे गोंड-माडियांची रेला गाणी पिढ्यान्‌पिढ्या ढोलावर चालत आलेली आहेत. गेल्या चार दशकांत या गाण्याच्या चालींवर दोघांनी हक्क सांगितला. नक्षलवाद्यांच्या सांस्कृतिक पथकांनी आदिवासीच्या तोंडी शोषणाची आणि बदल्याची गाणी घातली. पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यांतून त्याच आदिवासीच्या तोंडी भीतीची आणि विकासाची गाणी आली. दोन्हींत दुःख खरे असू शकते. पण दोन्ही ठिकाणी गाण्याचा शेवट आधी ठरलेला असतो आणि 'मी' त्या शेवटाकडे चालवत नेला जातो. ज्याचे दुःख गायले गेले तो माणूस दोन्ही वेळा श्रोत्यांत बसलेला होता. विनायक तुमराम, भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम यांच्यासारखे कवी स्वतः लिहू लागले, तेव्हा आदिवासी 'मी' असा कोणाच्या सभेला हजर राहण्यापुरता उरला नाही. तो रागावतो, थट्टा करतो, आपल्याच माणसांशी भांडतो.

दुसरे उदाहरण वरोऱ्याच्या आनंदवनाचे. बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या या वसाहतीत डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला. बरे झालेले कुष्ठरुग्ण, अंध, मूकबधिर, अपंग असे कलावंत त्यात असतात. पहिल्यांदा जाणारा प्रेक्षक मनात अशी तयारी करून बसतो की आता आपल्याला त्यांचे दुःख ऐकायचे आहे. आणि समोर येतात लोकप्रिय गाणी, ठेका, नाच, नकला! माझ्या मते हा फार मोठा धडा आहे. दुःखिताला आपले दुःख गाण्याचा जसा हक्क आहे, तसाच ते न गाण्याचाही आहे. सहानुभाव म्हणजे दर वेळी त्याच्या जखमेचेच दर्शन मागणे नव्हे. भारुडातल्या आंधळ्याला रूपक व्हावे लागले. आनंदवनातला आंधळा गायक नुसता गायक आहे.

७

आता पुन्हा मंडपाकडे येऊ. वरचे सगळे ध्यानात घेऊन झाडीपट्टीत दारुड्याचे गाणे लिहायचे ठरवले, तर ते कसे असावे?

पहिली गोष्ट, त्यात त्याचा दिवस हवा. मार्चच्या शेवटी पहाटे मोहफूल वेचायला जाणारा माणूस, ज्याच्या घरी तेच फूल वाळवून ठेवले जाते, देवाला चालते आणि भट्टीलाही लागते. मे महिन्यात तेंदूपत्त्याची रोख रक्कम हातात पडल्यावर गावाच्या वेशीवर भेटणारे लोक. तेलंगणात मिरची तोडायला गेलेला मजूर. कोळसा खाणीतून रात्रपाळी करून परतणारा आणि दिवसाच्या उजेडात झोप न येणारा कामगार. सुधाकराला कोर्टातला अपमान होता म्हणून तो आपल्याला पटतो. आमच्या नाटकातल्या दारुड्याला बहुधा 'वाईट संगत' एवढेच कारण दिलेले असते. ज्याला कारण नाही त्याला गाणे देता येत नाही.

दुसरी गोष्ट, त्या गाण्यात त्याने स्वतःविषयी न्याय करू नये. 'मी पापी, मी चांडाळ' असे म्हणणारे पश्चात्तापाचे गाणे हे नाटककाराचे गाणे असते. भारुडातल्यासारखे ते कवीचाच निरोप पोचवते. पिणारा माणूस बहुधा असे बोलत नाही. तो उद्यापासून सोडतो म्हणतो, हिशेब चुकवतो, लहानशी गोष्ट लांबवून सांगतो आणि मोठी गोष्ट गाळतो. लेखकाने त्याला तसेच गाऊ द्यावे. जे त्याने गाळले ते प्रेक्षकाला आधीच्या प्रवेशामुळे माहीत असले पाहिजे. मग ऐकणारा एकाच वेळी त्याच्याबरोबर असतो आणि त्याचे खोटेही ओळखत असतो. सहानुभाव आणि सबब यांतले ते सुताएवढे अंतर इथेच सांभाळले जाते.

तिसरी गोष्ट, ऐकणारी बाई मंचावर जागी हवी. दारुडा गात असताना तिला विंगेत पाठवू नये, की तिच्या डोळ्यांत क्षमाही घालू नये. ती चूल सारवील, पोराला निजवील, पैशांचा डबा दुसरीकडे लपवील. गाण्याला तिने उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. मंडपातल्या पिणाऱ्याला स्वतःचे गाणे ऐकू येईल आणि त्याच वेळी ते कोणासमोर गायले जात आहे हेही दिसेल.

चौथी गोष्ट लेखनाच्या रीतीची. अमेरिकेतल्या मेरी गोशिए या गीतकार बाईंनी युद्धावरून जखमी होऊन परतलेले सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासोबत बसून गाणी रचली. २०१८ साली त्यांचा तो संग्रह आला. त्यात सैनिकांची नावे सहलेखक म्हणून आहेत. गाणी त्यांच्या'विषयी' नाहीत, त्यांच्या'सह' आहेत. आपल्याकडे हे अवघड नाही. झाडीपट्टीचा लेखक गावातच राहतो. व्यसनमुक्तीच्या वाटेवर असलेली माणसे त्याच्या ओळखीची असतात, कित्येकदा नाटकमंडळीतच असतात. त्यांच्याजवळ बसून, त्यांनी नाही म्हटले तर थांबून, त्यांचे नाव हवे असल्यास देऊन आणि नको असल्यास राखून असे गाणे लिहिता येईल.

यासाठी लागणारी एक शिदोरी झाडीपट्टीजवळ आधीपासून आहे: तिचा विनोदी दारुडा. तो पडतो, उठतो, कुत्र्याशी बोलतो, सरपंचाला खरे सुनावतो, आणि गाव त्याच्यावर पोट धरून हसते. हे हसणे तुच्छतेचेच असते असे नाही. त्यात ओळख असते. पोळ्याच्या झडत्यांत जसा गरीब माणूस थट्टेच्या आडून गावच्या पाटलाला चार शब्द सुनावून घेतो, तसेच हा दारुडाही करतो. गंभीर दारुड्यापेक्षा हाच गाण्याच्या अधिक जवळ आहे. हशा ओसरतो त्या क्षणी त्याला एक कडवे द्यावे. पहिल्या ओळीला लोक हसतील, कारण त्यांना सवय आहे. दुसऱ्या ओळीला थोडे कमी हसतील.

दारूबंदी असावी की नसावी हा वाद आमच्या जिल्ह्यांत चालूच राहील आणि त्यावर बोलायला इतर ठिकाणे आहेत. नाटकाचे काम वेगळे आहे. बंदी लागू असो की उठलेली, पिणारा माणूस त्या रात्री तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेला असतोच. आजवर त्याने स्वतःला मंचावर हसताना, मारताना आणि मरताना पाहिले आहे. स्वतःला गाताना ऐकलेले नाही. या वर्षीच्या हंगामासाठी वडशाच्या मंडळ्यांची नवी नाटके बसत आहेत. त्यांतल्या एखाद्या लेखकाने हे गाणे लिहून पाहावे. ते गाणे बरे झाले की फसले, हे समोर बसलेली बाई ठरवील.